स्वामिनीचे गाव आणि धर्मगुरूंची अंगठी

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या वाटेने सुमारे दहा किलोमीटर गेले की नाचियार्कोविल हे गाव लागते. तामिळ भाषेत नाचियार म्हणजे स्वामिनी आणि कोविल म्हणजे देऊळ. तेव्हा गावाचे नावच ‘स्वामिनीचे देऊळ’ असे आहे. पितळी समयांसाठी हे गाव सर्वत्र प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये, कारण १७९९ पर्यंत तो तंजावरच्या भोसले राजांच्या अमलाखाली होता.

येथील श्रीनिवास पेरुमाळांच्या देवळातील एक प्रथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. मिरवणुकीत देवी वंजुळवल्ली पुढे असते आणि देव तिच्या मागून येतात. कथा अशी सांगतात की, मेधावी नावाच्या ऋषींना वंजुळ वृक्षाखाली एक कन्या सापडली. पुढे प्रत्यक्ष विष्णूने तिला मागणी घातली, तेव्हा ऋषींनी अट घातली: येथे माझ्या मुलीचा मान पहिला राहील. देवाने ती मान्य केली. विवाहाच्या वेळी दिलेला तो शब्द आजही पाळला जातो.

आज आपल्यापुढे विषय आहे तो एका अंगठीचा. ख्रिस्ती धर्मगुरू, विशेषतः बिशप, बोटात जी मोठ्या खड्याची अंगठी घालतात, तिच्या धर्तीवरील अंगठ्या आता स्त्रियांसाठी घडवल्या जातात. भरीव कडे, उंच कोंदण आणि त्यात बसवलेला एकच ठसठशीत जांभळा खडा, असे तिचे रूप असते. एखाद्या घरातील लेकीला ती आवडते आणि आई मात्र विचारात पडते: पुरुष धर्माधिकाऱ्याच्या अधिकाराची ही खूण, ती आपल्या मुलीच्या हाती शोभेल काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधावयाचे तर ही अंगठी मुळात कोठून आली, ते पाहिले पाहिजे.

बिशपच्या अंगठीचा इतिहास जुना आहे. ६३३ साली स्पेनमधील टोलेडो येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या ठरावांत बिशपच्या अधिकारचिन्हांमध्ये दंडाबरोबर अंगठीचाही उल्लेख येतो. ती उजव्या हाताच्या अनामिकेत घालतात. मध्ययुगात मोठ्या विधींच्या वेळी बिशप हातमोजे घालीत आणि अंगठी मोज्यावरून चढवीत. त्यामुळे तिचे कडे मोठे झाले आणि त्याला साजेल असा खडाही मोठा झाला.

परंतु ह्या अंगठीचा खरा अर्थ निष्ठेचा आहे. बिशपचे आपल्या धर्मप्रांताशी जणू लग्न लागते, अशी त्यामागील भावना आहे. म्हणजे ही खूण धर्मपीठाने विवाहसंस्कारातून उचलली. प्राचीन रोममध्ये वाग्दानाच्या वेळी वधूला अंगठी देत असत. वधूच्या बोटातील हा शब्द पुढे धर्मगुरूंच्या बोटात आला. अनेक संघांतील जोगिणींनाही अखेरच्या व्रतग्रहणाच्या वेळी साधी अंगठी दिली जाते. तेव्हा, वाचकहो, ही अंगठी आज स्त्रीच्या हाती दिसली, तर ती परक्या घरी गेली असे म्हणता येणार नाही. ती माहेरी परतली आहे.

शिवाय अधिकाराची गोष्टही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९८९ साली अमेरिकेत बार्बरा हॅरिस अँग्लिकन परंपरेतील पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. आपल्या देशात १९४७ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय चर्चने २०१३ साली एग्गोनी पुष्पललिता ह्यांना आंध्र प्रदेशातील नंद्याळच्या बिशपपदी नेमले. जे पद शतकानुशतके पुरुषांचेच मानले गेले, ते ह्या स्त्रियांनी शृंगारासाठी नव्हे, तर सेवेसाठी स्वीकारले. कॅथलिक पंथात मात्र बिशपपद आजही पुरुषांकडेच आहे.

आता खड्याविषयी. जांभळा खडा म्हणजे ॲमेथिस्ट. आपले जवाहिर त्याला कटेला म्हणतात. ‘ज्याला नशा चढत नाही तो’ असा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. संयमाची खूण म्हणून धर्मगुरूंना हा खडा योग्य वाटला असल्यास नवल नाही. वस्तुतः तो स्फटिकच होय. त्यातील किंचित लोह आणि भूगर्भातील नैसर्गिक किरणोत्सर्ग ह्यांमुळे त्याला जांभळी छटा येते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांतही तो सापडतो. एके काळी तो माणकाच्या पंक्तीत बसे. पुढे ब्राझीलमध्ये त्याचे विपुल साठे सापडले आणि तो सामान्यांच्या आवाक्यात आला.

अशी अंगठी घेताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कारखान्यात तयार केलेला ॲमेथिस्ट बाजारात पुष्कळ असतो आणि नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही; किंमत मोठी असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागावा. खड्यात गोल बुडबुडे दिसले तर ती काच असण्याचा संभव अधिक. कडक उन्हात ह्या खड्याचा रंग फिकट होतो आणि फार तापल्यास तो पिवळटही पडतो. म्हणून अंगठी सांधावयाची झाल्यास सोनाराला खडा आधी काढावयास सांगावे. धुण्यास कोमट साबणपाणी आणि मऊ कुंचला पुरेसा आहे. उंच कोंदण कपड्यात अडकते, हेही रोजच्या कामाच्या हाताने विसरू नये.

घडणावळीचा विचार करू लागले की पुन्हा कुंभकोणमचा परिसर आठवतो. नाचियार्कोविलचे कारागीर कावेरीकाठच्या मातीच्या साच्यात पितळ ओतून समईचे भाग घडवतात. कुंभकोणमच्या दुसऱ्या बाजूस असलेल्या स्वामिमलैत मेणाची मूर्ती मातीने लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि रिकाम्या जागी धातू ओततात. ओतीव अंगठीही बहुधा ह्याच मेणाच्या रीतीने घडते. मूर्ती असो वा मुद्रिका, आधी मेणाला वाट द्यावी लागते, तेव्हा धातूला आकार येतो.

तेव्हा आईच्या शंकेचे उत्तर काय? लेकीने ती अंगठी अवश्य घालावी. मात्र एखाद्या धर्मप्रांताचे राजचिन्ह किंवा पदाची मुद्रा तीवर कोरून घेऊ नये, कारण ज्यांनी त्या पदाचे व्रत घेतले त्यांचीच ती आहे. पोप सहावे पॉल ह्यांनी १९६५ साली व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस जमलेल्या बिशपांना जी अंगठी दिली, ती खड्यावाचून, साध्या सोन्याची होती. खडा नसला तरी तिचा मान उणावला नाही, कारण तो मान दिलेल्या शब्दाचा होता.

नाचियार्कोविलची देवी आजही मिरवणुकीत पुढे चालते, ती अंगावरील अलंकारांमुळे नव्हे. कोणी एकदा शब्द दिला आणि तो पाळला म्हणून. मुलीच्या बोटात अंगठी घालताना एवढी कथा तिला सांगितली, तरी त्या दागिन्याचे मोल वाढेल.