उरलेले आयुष्य आणि शुश्रूषेचा हिशेब

कळंबोलीहून काही किलोमीटरवर, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन व उपचार संस्था आहे. तेथे जाणाऱ्या सर्वांना आपण 'कॅन्सरचा पेशंट' असे एकच नाव देतो. पण रक्ताचा कर्करोग झालेले सहा वर्षांचे मूल आणि स्वादुपिंडाचा कर्करोग शरीरभर पसरलेला साठ वर्षांचा गृहस्थ यांच्या गरजा एकाच मापाने कशा मोजाव्यात?

मुलाला योग्य उपचार मिळाल्यास ते बरे होण्याचा संभव मोठा आहे. त्याला हवी आहे ती दोन-तीन वर्षांची अखंड उपचारयोजना, शहरात राहण्याची सोय आणि पुढे शाळा. उपचार संपलेल्या अशा मुलांसाठी टाटा रुग्णालयाने 1991 साली स्वतंत्र दवाखाना काढला, हे दूरदृष्टीचेच म्हणावयास हवे. रक्तकर्करोगाच्या दीर्घकालीन प्रकारात तर रोजच्या गोळीवर रुग्ण वर्षानुवर्षे नोकरी करू शकतो. त्याची खरी चिंता दरमहाच्या किमतीची. 'ग्लिव्हेक' या औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला, त्याचे मोल अशा कुटुंबांना विचारावे.

उरला तो साठीचा गृहस्थ. ज्याचे आयुष्य थोडे त्याची गरजही थोडी, असा हिशेब आपण नकळत मांडतो. वस्तुस्थिती उलट आहे. वेदना, धाप, झोप, जखमेची निगा, घरच्यांचा धीर या साऱ्यांची मागणी याच काळात वाढते. वेदनेवरील मॉर्फिन मुळात स्वस्त. परंतु 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्याभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की, ते रुग्णापर्यंत पोहोचेनासे झाले. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली खरी, पण तालुक्याच्या गावी आजही ते सहज मिळत नाही. देशातील पहिले मरणासन्नांचे शुश्रूषागृह, शांती अवेदना, 1986 साली मुंबईतच, वांद्र्यास, निघाले. केरळने 2008 मध्ये यासाठी धोरण आखून घरोघरी परिचारिका पाठविल्या.

आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. तो स्वागतार्ह आहे. मात्र तिचे दरपत्रक शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधमात्रा अशा मोजता येणाऱ्या गोष्टींभोवती रचलेले आहे. जेथे पैसा मिळतो तेथे पुरवठा जातो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मग फारसा उपयोग न होणारा आणखी एक उपचार दिला जातो, शेत गहाण पडते. आणि आजाऱ्यास खरे कोणी सांगितलेलेच नसते!

शुश्रूषा म्हणजे हार, असेही नव्हे. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या ज्या रुग्णांना आरंभापासून वेदनाशामक शुश्रूषा मिळाली, ते इतरांहून सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. अखेरच्या दिवसांतील आक्रमक उपचारही त्यांनी कमी घेतले. तेव्हा योजनेच्या दरपत्रकात परिचारिकेच्या गृहभेटीला एक ओळ मिळावी, आणि पनवेलसारख्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिनचा साठा व ते देऊ जाणणारा डॉक्टर असावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.