गंजिफांतील एक्क्याचें कोडें

एक्का मोठा कीं दश्शी मोठी? दशावतारी गंजिफा खेळावयास बसलेल्या नवख्या गड्याला हा प्रश्न पहिल्याच हाताला अडवितो, आणि जाणता गडी उलट त्यालाच विचारतो, "रंग कोणता?"

सावंतवाडीच्या वाटोळ्या, लाखेचा लेप दिलेल्या पानांचा हा जोड १२० पानांचा असतो. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. राजा सर्वांत थोर, त्याच्याखालीं प्रधान. येथपर्यंत कोणाचा घोटाळा होत नाहीं. पुढें मात्र पांच रंगांत प्रधानाखालीं दश्शी, मग नव्वी, असें उतरत उतरत एक्का तळाला जातो. उरलेल्या पांच रंगांत क्रम उलटा. प्रधानापाठोपाठ एक्का येतो आणि दश्शी सर्वांत हलकी ठरते. मोगलांच्या आठ रंगी, ९६ पानी गंजिफांतहि चार रंग सुलट व चार उलट, अशीच तऱ्हा होती.

एवढें पाठ करणें कठीण नाहीं. खरी अडचण ही, कीं हा नियम दुसऱ्या दोन नियमांना जाऊन भिडतो. गंजिफांत हुकमाचा रंग नसतो, आणि उतरलेल्या रंगाचेंच पान टाकलें पाहिजे अशी सक्तीहि नसते. हात मात्र उतरलेल्या रंगाच्या सर्वांत वरच्या पानाचा. त्यावर दुसऱ्या रंगाचा राजा टाकला तरी तो फुकट गेला.

तिघे गडी, प्रत्येकाला ४० पानें. समजा, एकाच्या हातांत उलट्या रंगाचा एक्का आहे. त्या रंगाचे राजा व प्रधान बाहेर पडेपर्यंत तो उतरणें धोक्याचें. दोघे पडले, कीं तोच एक्का बिनतोड. तो गेला कीं दुर्री बिनतोड, मग तिर्री. राजा-प्रधान हात करतांना पडले कीं परक्या रंगावर फुकट टाकले गेले, यानें फरक पडत नाहीं. ते गेले एवढें खरें. सुलट रंगाच्या एक्क्याला हें भाग्य लाभावयास त्याच्या रंगाचीं बाकीचीं अकराहि पानें संपावीं लागतात! पानाचें बळ असें घटकेघटकेला बदलतें, आणि काय पडून गेलें याचा हिशेब ज्यानें त्यानें मनांत ठेवावयाचा असतो.

१९९३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या जादूगारांच्या व अद्भुत प्राण्यांच्या पत्त्यांत पानावर मजकूरच छापलेला असतो, आणि सामान्य नियमाशीं त्याचा विरोध आला तर पानावरचा मजकूर प्रमाण मानतात. वाद झाल्यास मुलांना निदान पान वाचतां येतें. गंजिफा मुकी आहे.

प्रारंभ कोणीं करावा हेंहि पानावर लिहिलेलें नसतें. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो प्रथम उतरतो, रात्रीं कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो. ऐन तिन्हीसांजेला डाव मांडला तर काय, हें पानें पिसण्यापूर्वींच ठरवून घ्यावें. नाहीं तर दिवा लागला होता कीं नव्हता यावर भांडण जुंपावयाचें.

शिवराम सावंत भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध कारागीर पुंडलीक चितारी यांच्या साहाय्यानें १९७१ च्या सुमारास ही कला सावरली, म्हणून राजवाड्यांत आजहि पानें रंगविलीं जातात. २०२४ सालीं त्यांना भौगोलिक मानांकन मिळालें. चित्रें वाचलीं, खेळाचें तसें म्हणवत नाहीं, कारण पेटी बहुधा दिवाणखान्याच्या कपाटांतच राहते. पेटी घेतांना उलटे पांच रंग कोणते, हें तेथल्या जाणत्या माणसाला विचारून कागदावर लिहून आणावें. पहिले दोन-तीन डाव तो कागद मध्यें ठेवून खेळण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं.