अद्भुताचा मुलूख आणि राखेचा मुलूख

ज्या घरांत पंधरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना एक दृश्य परिचयाचें असेल. रात्रींचीं जेवणें आटोपलीं आहेत, खोलींतला दिवा मालवला आहे, आणि पडद्याच्या निळसर उजेडांत कोणी एक तासन् तास बसलें आहे. पडद्यावर लढाई नाहीं, शर्यत नाहीं, गुणांचा आंकडा नाहीं. एक मनुष्याकृति डोंगराच्या पायवाटेनें चालली आहे, एवढेंच. यांत खेळ तो कसला, असा प्रश्न वडिलांना पडला तर तो वाजवीच म्हटला पाहिजे. त्याचें उत्तर असें कीं, हा चालण्याचाच खेळ आहे. ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग अशा लांबलचक नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या खेळांत खेळणारा एखादें पात्र धारण करतो. त्याचें रूप, नांव आणि गुणावगुण तो स्वतःच ठरवितो. आणि मग एक अख्खा मुलूख त्याच्यापुढें मोकळा सोडला जातो. कोणत्या गांवीं आधीं जावें, कोणाचें काम अंगावर घ्यावें, कोणाला फसवावें, हें सारें त्याच्या मर्जीवर. मुख्य कथा असते. पण ती मांडवांत खोळंबलेल्या भटजीप्रमाणें निमूटपणें वाट पाहत बसते.

या खेळांचे दोन मोठे संप्रदाय आहेत. एकांत राजे, किल्ले, मंत्रविद्या आणि उडते अजगर. दुसऱ्यांत अणुयुद्धानें होरपळलेलें जग आणि त्याच्या राखेंत जगूं पाहणारीं माणसें. हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असें म्हणून पुष्कळ जण तुलना टाळतात. परंतु या बाबतींत तुलनेला एक फार सोयीची जागा सांपडते. दोन्ही संप्रदायांतील अत्यंत गाजलेले खेळ एकाच कारखान्यांतून बाहेर पडले आहेत. अमेरिकेंतील मेरीलंड संस्थानांत रॉकव्हिल नांवाचें शहर आहे. तेथील बेथेस्डा या संस्थेनें १९९४ मध्यें ‘दि एल्डर स्क्रोल्स’ ही अद्भुताची मालिका सुरू केली. तिचा चौथा खेळ ‘ऑब्लिव्हियन’ २००६ मध्यें, व पांचवा ‘स्कायरिम’ २०११ मध्यें निघाला. ‘फॉलआउट’ ही राखेची मालिका मूळची इंटरप्ले या दुसऱ्या संस्थेची, १९९७ सालची. तिचे सर्व हक्क २००७ मध्यें बेथेस्डानें विकत घेतले, आणि ‘फॉलआउट ३’ २००८ मध्यें व ‘फॉलआउट ४’ २०१५ मध्यें काढला. या चारहि खेळांचा दिग्दर्शक एकच, टॉड हॉवर्ड. मधल्या काळांत, २०१० मध्यें, कॅलिफोर्नियांतील ऑब्सिडियन या मंडळीनें त्याच यंत्रसामग्रीवर ‘न्यू व्हेगास’ रचला. तेव्हां हात तेच, अवजारें तींच, आणि विषय मात्र दोन, असा हा योग आहे.

यंत्र एकच असल्याचें लपत नाहीं. दोन्हींकडे कुलपें उघडावयाचीं, पेट्या धुंडाळावयाच्या, माल विकावयाचा, सोबती जोडावयाचा. ‘फॉलआउट ३’ म्हणजे हातांत बंदूक घेतलेलें ‘ऑब्लिव्हियन’ होय, अशी थट्टा त्या काळीं पुष्कळांनीं केली. दोन्हींचा आरंभहि बंदिवासांतूनच होतो. ‘ऑब्लिव्हियन’चा नायक तुरुंगाच्या कोठडींत असतो, ‘स्कायरिम’चा हात बांधून गाडींतून वधस्तंभाकडे नेला जात असतो, आणि ‘फॉलआउट ३’चा नायक ज्यांत लहानाचा मोठा झाला त्या भूमिगत आश्रयस्थानांतून बाहेर पडतो. दार उघडतें, डोळे दिपतात, आणि मग खालीं पसरलेला मुलूख हळूहळू दिसूं लागतो.

येथपर्यंत दोघे सख्खे भाऊ. पण तो मुलूख दिसूं लागतांच वाटा फुटतात. स्कायरिमच्या खिंडींतून जो भूतकाळ दिसतो तो परक्याचा आहे. डोंगरांच्या पोटांत ड्वेमर नांवाच्या एका जमातीचीं पितळी नगरें पडलेलीं आहेत. ती जमात एके क्षणीं सबंध नाहींशी झाली, आणि तिचीं यंत्रें मात्र अद्याप फिरत आहेत. त्यांच्याविषयीं कुतूहल वाटतें; दुःख वाटत नाहीं. उलट फॉलआउटचा भूतकाळ हा पाहणाऱ्याच्या ओळखीचा आहे. त्या कथेप्रमाणें २३ ऑक्टोबर २०७७ रोजीं अवघ्या दोन तासांत जग जळलें. त्यानंतर दोनशें वर्षांनीं खेळणारा वॉशिंग्टन शहराच्या अवशेषांतून हिंडतो, आणि त्याला शाळा, आगगाडीचें भुयारी स्टेशन, स्वयंपाकघर, टेबलावरच्या बशा हेंच सारें भेटतें. एखाद्या पलंगावर दोन सांगाडे शेजारीं शेजारीं पडलेले असतात. तेथें कोणी निवेदक येऊन कांहीं सांगत नाहीं, व सांगण्याची जरुरीहि नसते.

या भेदाचा परिणाम अगदीं बारीकसारीक वस्तूंपर्यंत पोंचतो. अद्भुताच्या मुलखांत माणूस तलवार, रत्न, मोहोर उचलतो आणि चमचा, ताटली तशीच टाकून जातो. ‘फॉलआउट ४’ मध्यें नेमकें उलट. तेथें टेबलावरचा विजेचा पंखा दिसला कीं खेळणारा धांवतो, कारण तो मोडला कीं त्यांतून स्क्रू निघतात, आणि स्क्रूवांचून बंदूक सुधारत नाहीं. चिकटपट्टीचें रिळ म्हणजे तर घबाडच! मोडकें सामान जपून ठेवणाऱ्या आजीबाईंची दृष्टि या खेळानें तरुणांना दिली, असें कोणी म्हटलें तर तें अगदींच खोटें ठरणार नाहीं.

नाण्यांचीहि तीच कथा. स्कायरिममध्यें सोन्याचें नाणें चालतें, व तें कां चालतें हें कोणी विचारीत नाहीं. फॉलआउटमध्यें शीतपेयाच्या बाटल्यांचीं बुचें हेंच चलन, आणि त्यामागें कारण दिलेलें आहे. पहिल्या खेळांत हब नांवाच्या व्यापारी गांवांतले पाण्याचे व्यापारी त्या बुचांच्या बदल्यांत पाणी देण्याची हमी घेतात. पुढें कॅलिफोर्नियांत लोकराज्य होतें, तें सोन्याच्या आधारावर नोटा काढतें. शत्रु सोन्याच्या सांठ्याचा नाश करतो, नोटेची पत घसरते, आणि ‘न्यू व्हेगास’च्या काळांत व्यापारी पुन्हा बुचांकडे वळतात. अर्थशास्त्राच्या वर्गांत जो धडा जांभया देत ऐकला जातो, तोच येथें आपण होऊन शिकला जातो.

विद्या संपादन करण्याची रीतहि दोन्हींकडे निराळी आहे. स्कायरिममध्यें अठरा कला असून जी वापरावी ती वाढते. धनुष्य चालवावें तों हात बसत जातो. फॉलआउटमध्यें अनुभवाचें भांडवल जमतें, व तें कोठें गुंतवावयाचें हें खेळणारा ठरवितो. पहिली रीत स्वाभाविक, दुसरी हिशेबी. स्कायरिमची खरी शोभा मात्र त्याच्या शब्दविद्येंत आहे. जुन्या भिंतींवर अजगरांच्या भाषेंतील शब्द कोरलेले असतात. ते आत्मसात करून उच्चारले कीं समोरचा माणूस उडून पडतो किंवा आभाळ निवळतें. मंत्रानें अस्त्र जागें करण्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यांत नवलापेक्षां ओळखच अधिक वाटेल.

नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष रुचेल अशी एक गोष्ट राखेच्या मुलखांत आहे. तेथें नायकाच्या मनगटावर एक लहानसें यंत्र असतें आणि त्यावर रेडिओ ऐकूं येतो. उद्ध्वस्त वॉशिंग्टनमध्यें एकटा निवेदक ध्वनिक्षेपण चालवितो. १९४० च्या सुमाराचीं गाणीं लावतो, बातम्या देतो, पाणी कसें प्यावें याविषयीं सूचना करतो. इंक स्पॉट्स या कृष्णवर्णी गायकांच्या चौकडीचा मृदु स्वर जळक्या रस्त्यांवर ऐकतांना जी विलक्षण कालवाकालव होते, ती हजार राक्षसांनीं होत नाहीं. आरंभीं हें केंद्र शहराच्या थोड्याच भागांत ऐकूं येतें. संग्रहालयांतील एका चांद्रयानाची थाळी काढून आणून ती वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर बसविली, कीं तो आवाज दूरवर पोंचूं लागतो. त्यानंतर खेळणाऱ्याचींच कृत्यें बातम्यांत येऊं लागतात. वाईट केलें तर निंदा, चांगलें केलें तर स्तुति, आणि ती सबंध मुलूख ऐकतो! स्कायरिममध्यें हेंच काम पहारेकऱ्यांची कुजबूज आणि खाणावळींतले भाट करतात. पण कुजबूज ती कुजबूज. आपला शब्द कोठें तरी ऐकला जात आहे, ही भावना एकाकी माणसाला किती आधार देते, हें रेडिओइतकें चांगलें दुसरें कोण दाखविणार?

आतां थोडें भूगोलाविषयीं. ‘ऑब्लिव्हियन’ मध्यें एक दोष होता, व तो रसिकांना फार बोंचला. खेळणारा जसजसा बलवान् होई, तसतसें सबंध जग त्याच्याबरोबर बलवान् होई. शेवटीं शेवटीं वाटेवरचा भिकारडा लुटारूहि राजाला न परवडणारें चिलखत घालून उभा राही आणि थोडक्या मोहरांसाठीं धमकी देई. याचा अर्थ असा कीं, जगाला स्वतःचें कांहींच नाहीं. तें खेळणाऱ्याची सांवली आहे. पुढच्या खेळांतून बेथेस्डानें हा दोष कमी केला. पण खरा उतारा ‘न्यू व्हेगास’नें काढला. त्यांतील नायकाला नेवाडाच्या वाळवंटांतील गुडस्प्रिंग्ज या गांवीं शुद्धि येते. तेथून व्हेगास शहर उत्तरेला दिसत असतें, रात्रीं त्याचे दिवेहि चमकतात. सरळ त्या वाटेनें गेलें तर भयंकर पशु आणि विषारी कीटक नवख्याला क्षणांत संपवितात. म्हणून दक्षिणेला प्रिम या गांवावरून मोठा वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशांत एकामागून एक वसाहती भेटतात, लोकांचीं भांडणें कळतात, कोण कोणाचा शत्रु याचा उलगडा होतो. शहरांत पोंचेपर्यंत कोणाचा पक्ष घ्यावयाचा याचा अर्धा निर्णय झालेला असतो. जग कोणासाठीं वांकत नाहीं, म्हणूनच त्याच्याविषयीं आदर वाटतो.

निवडीच्या प्रश्नावर तर राखेचा मुलूख निःसंशय पुढें आहे. ‘फॉलआउट ३’ मध्यें मेगाटन नांवाचें गांव एका न फुटलेल्या अणुबॉम्बभोंवतीं वसलेलें आहे. कांहीं लोक त्या बॉम्बची पूजाहि करतात. गांवचा कोतवाल नायकाला तो निकामी करावयास सांगतो. दुसरा एक सभ्य पोषाखांतला गृहस्थ पैसे देऊं करून तो फोडावयास सांगतो. कारण काय, तर दूरच्या एका उंच इमारतींत राहणाऱ्या धनिकाला तें गांव नजरेस खुपतें! जो फोडील त्याला त्याच इमारतींत राहण्यास ऐसपैस जागा मिळते, आणि ज्यांच्याशीं काल बोलणें झालें तीं माणसें नाहींशीं होतात. जपानांत हा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हां बॉम्ब फोडण्याचा हा पर्याय काढून टाकण्यांत आला. हिरोशिमा आणि नागासाकी ज्यांच्या देशांत आहेत, त्यांच्यापुढें ही गोष्ट खेळ म्हणून ठेवणें प्रकाशकांना उचित वाटलें नाहीं, यांत आश्चर्य नाहीं. स्कायरिममध्यें यादवी युद्ध आहे, पक्ष निवडतां येतो, नगराधिपति बदलतात. पण नगर उभेंच राहतें, आणि कथेला आवश्यक असलेलीं माणसें कितीहि घाव घातले तरी गुडघे टेकून पुन्हा उठतात. हा अद्भुताचा अंगभूत दोष मात्र नव्हे. याच मालिकेंतील २००२ च्या ‘मॉरोविंड’ मध्यें कोणालाहि मारतां येत असे. कथानक तुटल्याची सूचना तेवढी मिळे.

हिंदुस्थानाचाहि या खेळाशीं एक चमत्कारिक संबंध आला. राखेच्या मुलखांत किरणोत्सर्गानें दोन डोकीं झालेल्या गाई ओझीं वाहतात, आणि त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात. ऑक्टोबर २००८ मध्यें मायक्रोसॉफ्टनें आपल्या एक्सबॉक्स यंत्रावरील ‘फॉलआउट ३’ भारतांत काढावयाचा नाहीं असें जाहीर केलें, आणि सांस्कृतिक संवेदनशीलतेचें कारण दिलें. त्या संवेदनेचें नांव कंपनीनें घेतलें नाहीं. लोकांनीं मात्र या गाईंकडे बोट दाखविलें. गंमत अशी कीं, अमेरिकेंत ‘ब्राह्मन’ नांवाची गुरांची जात खरोखरीच आहे, आणि ती मुळांत हिंदुस्थानांतून नेलेल्या गीर, ओंगोल, कृष्णा खोऱ्यांतील वगैरे वशिंडाच्या गुरांपासून तयार केलेली आहे.

राखेच्या मुलखाचें कौतुक करतांना त्याची एक लबाडी मात्र सांगितली पाहिजे. दोनशें वर्षें लोटलीं तरी दुकानांच्या फळ्यांवर डबाबंद अन्न तसेंच, घराच्या छपराला भोंक तसेंच, आणि त्याच घरांत राहणाऱ्यानें दारांतला कचरासुद्धां काढलेला नाहीं! दहा पिढ्यांत एका सुनेला केरसुणी हातांत घ्यावीशी वाटली नाहीं, हें पटत नाहीं. ‘न्यू व्हेगास’ मध्यें शेतें आहेत, कर आहेत, हूव्हर धरणाची वीज कोणाची यावरून युद्ध आहे. म्हणून तें जग अधिक खरें वाटतें. अद्भुताला ही अडचणच नाहीं. तेथें मंदिराचा दिवा हजार वर्षें तेवला तरी कोणी तेलाचा हिशेब मागत नाहीं.

शेवटाच्या बाबतींतहि दोघांचें जमत नाहीं. ‘फॉलआउट ३’ची मुख्य कथा पिण्याच्या स्वच्छ पाण्याची आहे, जेफरसनच्या स्मारकांत उभारलेलें शुद्धीकरणयंत्र सुरू करण्यासाठीं कोणाला तरी प्राणघातक किरणांत जावें लागतें, आणि तेथें खेळ संपे. ज्या सोबत्याला किरण बाधत नाहींत तोहि आंत जाण्यास नकार देई, हें खेळणाऱ्यांना मुळींच रुचलें नाहीं. तेव्हां २००९ मध्यें पुरवणी काढून सोबत्याला आंत जाऊं दिलें आणि कथा पुढें वाढविली. स्कायरिमला असा शेवटच नव्हता. विश्वभक्षक अजगर मारून नायक परत येतो, तों खाणावळीचा मालक त्याला नेहमींप्रमाणें खोलीचें भाडें सांगतो, आणि दाराबाहेर बर्फ पडतच असतो.