सर्वानुमते मंजूर

३१ ऑगस्ट २०१९ हा शनिवार होता. आदल्याच दिवशी पोळा झालेला, दोन दिवसांवर गणपती आलेले. खान्देशात हे दिवस खरे तर बाजारहाटाचे आणि पाहुण्यांचे. पण त्या दिवशी जळगावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने जळगावच्या घरकुल प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले होते. अनेक वर्षे जळगावचे आमदार आणि राज्याचे मंत्री राहिलेले सुरेशदादा जैन यांना सात वर्षे कैद आणि शंभर कोटी रुपये दंड झाला. माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. बाकीच्यांत माजी नगराध्यक्ष होते, अधिकारी होते, कंत्राटदार होते आणि नगरसेवक होते. त्यांतले काही जण तर शिक्षा झाली त्या दिवशीही नगरसेवकच होते.

वर्तमानपत्रांचे मथळे अर्थातच मोठ्या नावांचे झाले. माझी नजर मात्र यादीतल्या लहान नावांवर खिळून राहिली. ही माणसे आपल्या गल्लीतली. कोणी लग्नात अक्षता टाकायला आलेला, कोणी दवाखान्यात चिठ्ठी घेऊन आलेला. त्यांच्याकडे ना मोठी सत्ता होती, ना मोठे नाव. सभागृहात ठराव आला तेव्हा त्यांचा हात वर गेला होता, इतकेच पुष्कळांच्या बाबतीत लोकांना ठाऊक होते.

प्रकरण थोडक्यात असे. १९९० च्या दशकात जळगाव नगरपालिकेने गरिबांसाठी घरकुल योजना हाती घेतली. शहराच्या कडेला वेगवेगळ्या जागी ११,४२४ घरे बांधायची होती. त्यासाठी हुडकोकडून कर्ज घेतले गेले. घरे पुरी झाली ती सुमारे दीड हजार. ज्या जागांवर बांधायचे त्यांतल्या काही नगरपालिकेच्या नावावर नव्हत्या, बिगरशेती परवानगी घेतलेली नव्हती आणि कंत्राटदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम देऊन टाकण्यात आली, असे आरोप होते. नुकसानीचा आकडा सुमारे २९ कोटींचा. महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. त्यानंतर प्रकरण जवळजवळ सहा वर्षे निजले. २०१२ मध्ये अटका झाल्या. जैन तेव्हा शिवसेनेत आणि देवकर राष्ट्रवादीत, म्हणजे दोघे समोरासमोरच्या बाकांवर. आणि दोघेही एकाच खटल्यात आरोपी! या शिक्षेविरुद्ध दोषींनी उच्च न्यायालयात अपील केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जैन यांना जामीनही मिळाला. अपिलाचे काम न्यायालयाचे. त्यात आपण पडायचे कारण नाही. मला बोलायचे आहे ते न्यायालयाच्या अलीकडच्या गोष्टीबद्दल.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री, पण दिवसाची भाकरी कर्जाच्या फायलींवर भाजली. एखादा शिक्षक तीन लाखांचे गृहकर्ज मागायला आला की आम्ही त्याला किती नाचवायचो! सातबारा आण. वकिलाचा शोध अहवाल आण. बिगरशेतीचा आदेश कुठे आहे? नकाशा मंजूर आहे का? एवढे करूनही पैसे एकदम हातात मिळायचे नाहीत. जोते झाले की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, गिलावा झाला की तिसरा. आणि प्रत्येक वेळी साहेबाने स्वतः जाऊन बांधकाम पाहायचे. उन्हातान्हात मोटारसायकलवर मी अशी किती जोती मोजली असतील याचा हिशेब नाही. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम द्यायची झाली, तर आधी बँक गॅरंटी घ्यायची. हे काही फार मोठे शहाणपण नव्हे. उधारीवर किराणा देणारा वाणीसुद्धा एवढे पाहतो.

तेव्हा प्रश्न असा की, मास्तरला तीन लाखांसाठी जे विचारले जाते, ते कोट्यवधींसाठी भरलेल्या सभागृहात कोणी का विचारू नये? ‘जागा कोणाच्या नावावर आहे?’ एवढे चारच शब्द होते. हे विचारायला कायद्याची पदवी लागत नव्हती.

का विचारले जात नाही, याचे उत्तर मला फार वर्षांपूर्वी मिळाले होते. तेव्हा मी तालुक्याच्या एका गावी शाखाधिकारी होतो. जळगाव नव्हे, गाव दुसरेच. आमचे एक खातेदार नगरसेवक होते. सरळ माणूस, पिकल्या मिशीचा, बोलणे सारे अहिराणीत. नगरपालिकेच्या एका ठरावाची नक्कल आमच्याकडे आली होती. त्यातला एक आकडा मला खटकला, म्हणून चहा घेताना मी सहज विचारले, ‘नाना, हे तुम्ही वाचलं होतं का?’ ते मनापासून हसले. म्हणाले, ‘साहेब, वाचाले येळ कुठे ऱ्हास? सगळासनी हात वर कया, मीबी कया.’ त्यांच्या मनात पाप नव्हते. पण ते सही करीत होते, आणि ती सही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. इतिवृत्तात त्यांच्या त्या हाताचे दोन शब्द झाले: ‘सर्वानुमते मंजूर’. बँकेत दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूसही असाच म्हणतो, ‘मी फक्त सही केली हो.’ नोटीस घरी आली म्हणजे त्याला कळते की कागदावर ‘फक्त’ नसते.

आता थोडे आपल्याकडे वळू. आपण नगरसेवक जोखतो कशावर? खान्देशात याचे माप ठरलेले आहे. हळदीला आला का? द्वारदर्शनाला आला का? गंधमुक्तीला आला का? एखाद्याने भर उन्हात एका दिवसात चौदा लग्ने केली, तर त्याचे कौतुक आपण पुढची पाच वर्षे सांगतो. माझ्या एका मित्राने मागच्या निवडणुकीत कोणाला मत दिले विचारले तर म्हणाला, ‘अरे, आईच्या वेळी तो स्मशानात शेवटपर्यंत थांबला होता.’ यावर काय बोलणार? माणुसकीची गोष्ट आहे आणि ती खोटीही नाही. त्याला हसावे असे मला वाटत नाही. पण स्मशानात थांबणे ही शेजाऱ्याची जबाबदारी, आणि अंदाजपत्रक वाचणे ही नगरसेवकाची. पहिली त्याने केली म्हणून दुसरी आपण त्याला माफ करून टाकतो, आणि तोही चतुर असतो. त्याला कळते की सभागृहात गप्प बसलेले चालते, पंगतीत गैरहजर राहिलेले चालत नाही.

उलटे उदाहरण फार जुने आहे आणि पुण्याचे आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे म्हणून ३२ सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध नोंदवला. ठराव अर्थात मंजूर झाला. हजार रुपये खर्च झाले. तरीही ते एक मत आज आपल्याला माहीत आहे, कारण ते कागदावर आले. ‘सर्वानुमते’ हा शब्द त्यांनी लिहू दिला नाही.

कायद्यात काहीच सोय नाही असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. गावाला शहरापेक्षा जास्त अधिकार आहेत, ही गंमत पुष्कळ शहरी वाचकांना ठाऊक नसते. जनतेतून थेट निवडून आलेल्या सरपंचावर तीन-चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास आणला, तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने पक्का व्हावा लागतो. म्हणजे शेवटचा शब्द गावाचा. शहरातल्या मतदाराला असा शब्दच नाही. जळगावात २०१८ मध्ये ७५ पैकी ५७ जागा भाजपला मिळाल्या. मार्च २०२१ मध्ये त्यांच्यातले बरेच नगरसेवक पलीकडे गेले आणि महापौरपद शिवसेनेकडे आले. चूक कोणाची, बरोबर कोण, हा वाद राजकारण्यांनी घालावा. मतदाराला मात्र कोणीही, एकदाही, काही विचारले नाही. २०२३ मध्ये जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. पुढची निवडणूक व्हायला २०२६ साल उजाडले. एवढा काळ दोन्ही शहरांत जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. धुळ्याने आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेली आहे. तिथल्या बायकांनी हंडे घेऊन जायचे कोणाच्या दारात?

काही जण म्हणतात, चांगला अधिकारी मिळाला की सगळे सुधारते. चांगले अधिकारी खान्देशाला मिळाले नाहीत असे नाही. धुळ्याचे जिल्हाधिकारी असताना अरुण भाटिया यांनी १९८० च्या दशकात रोजगार हमीच्या कामांतले गैरव्यवहार उघडे केले. त्यांची बदली झाली. गेडामही पुढे बदलून गेले आणि फिर्याद मागे राहिली. अधिकारी पाहुण्यासारखा असतो. येतो, घर झाडून देतो, आणि बदलीचा कागद आला की सामान बांधतो. घरात राहायचे आपल्यालाच.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तिच्यात आहे. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजारांवर होती, धुळ्याची पावणेचार लाख. म्हणजे दोन्ही शहरे त्यात बसतात. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामसभेसारखीच, मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची सभा. वाचकांपैकी कोणी अशा सभेला गेला असेल तर त्याने मला जरूर कळवावे, मी त्याचा सत्कार करीन. आपल्याकडे भिशी वेळेवर होते, भजनी मंडळ वेळेवर जमते; क्षेत्रसभेची दवंडी मात्र कधी ऐकू आली नाही.

माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. दहा रुपयांचा अर्ज, दोन रुपयांना एक पान. शिवाय नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की, जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक संस्थांतसुद्धा, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहू द्याव्यात. पुणे महापालिकेत हे आधीपासून होत होते, त्यावरून हा आदेश निघाला.

निवृत्तीनंतर आम्ही चार जण एका लहान नगरपालिकेत असे गेलो होतो. नाव सांगत नाही. एक निवृत्त तलाठी, एक शाळेच्या मुख्याध्यापिका, एक औषध दुकानदार आणि मी. कारकुनाने विचारले, ‘कशाला पाहिजे इतिवृत्त? काही तक्रार आहे का?’ बाई म्हणाल्या, ‘तक्रार नाही रे बाबा, वाचायचंय.’ तो गोंधळला. तक्रारीसाठी त्याच्याकडे एक खिडकी होती, एक वही होती. वाचणाऱ्यासाठी काय करायचे हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आत गेला, विचारून आला, पुन्हा आत गेला. तासाभराने कपाटाची किल्ली सापडली आणि धूळ झटकत त्याने तीन जाड रजिस्टरे टेबलावर आणून ठेवली. चांगला मुलगा होता, आम्हाला पंख्याखाली बसवले.

पाच वर्षांचे ठराव आम्ही त्या दुपारी चाळले. तलाठी भाऊंची बोटे अशा कागदांना सरावलेली, ते पटापट पाने उलटत होते. दिवाबत्ती, मुरूम, फवारणी, स्वागत कमान, पुन्हा मुरूम. प्रत्येकाखाली सूचक, अनुमोदक आणि तेच दोन शब्द. विरोधाची नोंद शोधायची ठरवले होते. मुख्याध्यापिका बाईंना एक सापडली. एका बाई सदस्यांनी पाणीयोजनेच्या वाढीव दराला हरकत घेऊन कारण लिहून मागितले होते. हरकतीखाली त्यांची सही होती, थोडी वाकडी, नव्याने लिहायला शिकल्यासारखी. बाईंनी चष्मा पुसून ती पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, ही तर माझ्याच शाळेतली.’ मग त्यांनी त्या पानाची नक्कल मागितली आणि पर्समधून दोन रुपये काढून टेबलावर ठेवले.