तीन तारा आणि एक वजाबाकी

भिंतीवरच्या घड्याळात दीड व्होल्टचा सेल असतो. आता क्लबच्या छोट्या स्टेजवर माइक ओठांशी धरून गाणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती जीव ओतून वरचा सूर लावते, मागच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबतात. त्या क्षणी तिच्या माइकमधून केबलमध्ये किती व्होल्ट उतरत असतील? व्होल्टचे काही हजारांश. बस्स. माइकच्या जाळीमागे एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं बारीक वेटोळं आणि भोवती चुंबक. आवाजाने पडदा थरथरला की वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. कोयनेत जे काम पाणी करतं, ते इथे गळा करतो!

ही इवलीशी वीज मिक्सरमध्ये शिरली की तिला सगळ्यात आधी भेटतं ते गेनचं बटण. ते पूर्ण फिरवलं तर साध्या, स्वस्त मिक्सरमध्येही सिग्नल हजारपट वाढतो. हजारपट म्हणजे काय? चार मिलिमीटरची मुंगी हजारपट केली तर चार मीटरची होईल, हत्तीच्या उंचीहून लांब. आणि गंमत अशी, की एवढी फुगवूनही तिच्या मिशांचा आकार बिघडता कामा नये. गायिकेच्या आवाजातला कंप, श्वास, ‘स’चा सुस्कारा, सगळं जसंच्या तसं हवं.

मग त्याबरोबर खरखरही हजारपट वाढत नाही का? वाढते. पण ही खरखर येते कुठून, हे ऐकाल तर थक्क व्हाल. तिचा काही भाग मिक्सरचा नसतोच, तो निसर्गाचा असतो. कुठल्याही तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत चुळबुळत असतात आणि त्या चुळबुळीचा आवाज होतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन जॉन्सनने ही खरखर मोजली, त्याचा सहकारी हॅरी नायक्विस्टने तिचं गणित मांडलं, आणि १९२८ मध्ये दोघांचे लेख प्रसिद्ध झाले. ही खरखर म्हणजे सीमाच, तिच्या खाली कोणी जाऊ शकत नाही, कितीही लाख ओतले तरी. आजचा परवडणारा मिक्सर त्या सीमेपासून किती दूर असतो? अवघे दोन-तीन डेसिबल! म्हणून क्लबच्या बँडला माझा पहिला सल्ला असा, की ‘प्रीअँप (सिग्नल फुगवणारा भाग) भारी आहे’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. ग्लासांच्या किणकिणाटात तो फरक कानाला कळणारही नाही.

आता केबल. माइकच्या केबलचं टोक उघडून बघा. पिना तीन. एक पिन बाहेरच्या जाळीची, आणि आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. एकच आवाज न्यायला दोन तारा कशाला? कारण एकीतून सिग्नल सुलटा जातो आणि दुसरीतून उलटा. वाटेत बारचा फ्रीज गुरगुरतो, दिव्यांचा डिमर कुरकुरतो, आणि ती घाण दोन्ही तारांवर सारखीच बसते. मिक्सरच्या तोंडाशी एक वजाबाकी होते, पहिल्या तारेतून दुसरी वजा. घाणीतून तेवढीच घाण गेली, उरलं शून्य. गाण्यातून उलटं गाणं वजा केलं, तर गाणं दुप्पट! शाळेत ‘उणे उणे अधिक’ पाठ करताना कोणाला वाटलं होतं, की याच्यावर मैफिली तरतात? ताराजोडीला पीळ घालण्याची युक्ती तर टेलिफोनच्या काळातली. ग्रॅहॅम बेलने तिचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं.

आणि हीच वजाबाकी उलट दिशेनेही कामाला येते. काही माइकांना स्वतःला वीज लागते. ती मिक्सर त्याच केबलमधून पाठवतो, ४८ व्होल्ट, दोन्ही तारांवर अगदी सारखे. दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे साध्या माइकच्या वेटोळ्याला फरक जाणवतच नाही, आणि ज्याला वीज हवी तो माइक मात्र ती उचलतो. म्हणूनच हिला फँटम, म्हणजे भुताची वीज म्हणतात. आणि ४८च का? १९६६ मध्ये नॉयमान कंपनी नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक तयार करत होती, आणि तिथल्या स्टुडिओंत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासूनच होती. त्या दिव्यांचा आकडा आज पुण्या-पणजीतल्या क्लबच्या मिक्सरवर छापलेला असतो!

खोक्यावर छापलेला दुसरा एक आकडा मात्र नीट समजून घ्यायला हवा, तो चॅनेलांचा. यामाहाचा एमजी१० एक्सयू घ्या. नावातले १० हे एकूण इनपुट, त्यांत माइकची भोकं ४. बाकीची कीबोर्ड, लॅपटॉप यांच्या जोड्यांसाठी. आता पाच जणांचा बँड मोजा. गाणारे तीन, गिटार एक, बेस एक, कीबोर्डचे दोन, ड्रमला किक, स्नेअर आणि वरून दोन. झाले अकरा. त्यात कोणी ऑक्टापॅड किंवा ढोलकी घेऊन आलं, की आकडा आणखी वाढला.

पण खरी मेख पुढेच आहे.

१५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, ५५ हजारांवर माणसं, आणि स्टेजवर बीटल्स. चौघांनाही स्वतःचं गाणं ऐकू येत नव्हतं, कारण कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर, म्हणजे मॉनिटर, त्या स्टेजवर नव्हतेच. आपण काय गातोय हेच ऐकू आलं नाही, तर सुरात राहायचं कसं? आज हे काम मिक्सरमधला ऑक्स, म्हणजे मॉनिटरकडे जाणारी वेगळी वाट, करतो. पंगतीत एकाच स्वयंपाकघरातून प्रत्येकाला वेगळं ताट वाढता येतं ना, तसंच. आजोबांना तिखट कमी, मधुमेह असलेल्या मावशीला श्रीखंड नाही. गायिकेच्या ताटात तिचा स्वतःचा आवाज भरपूर आणि ड्रम नावापुरते, ड्रमरच्या ताटात बेस चांगला डावभर. श्रोत्यांचं ताट यांपेक्षा वेगळं, आणि ते बदललं तरी यांची ताटं हलत नाहीत. प्रत्येक ऑक्स म्हणजे एक स्वतंत्र ताट. वर सांगितलेल्या त्या छोट्या मिक्सरवर ऑक्स किती? एक, आणि आवाजाला घुमारा देणाऱ्या इफेक्टसाठीही तोच. गाणारा आणि गिटार एवढ्या दोघांच्या जोडीला तो छान, पण पाच जणांना एका ताटात जेवायला बसवाल तर भांडणं ठरलेली.

इथे डिजिटल मिक्सर मैदान मारतो. बेरिंजरचा एक्सआर१८ २०१४च्या सुमारास आला. आकार बुटांच्या खोक्याएवढा, माइकची भोकं १६, ऑक्स ६. वर चॅनेलांची बटणं नाहीतच, सगळं टॅबलेटवर. आतल्या करामतीचा हिशेब करा. तो प्रत्येक चॅनेल सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. एवढं कशाला? कारण कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजाच्या कंपनांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, तर मूळ लाट पूर्ण परत मिळते, हे त्याच नायक्विस्टच्या त्याच १९२८ सालच्या दुसऱ्या एका लेखात रुजलेलं सूत्र! १६ चॅनेलांचे सेकंदाला ७ लाख ६८ हजार आकडे, त्यांतला प्रत्येक सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्यांतून निवडलेला. एवढी बेरीज-वजाबाकी करून आवाज बाहेर यायला लागतात एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्यात हवेतला आवाज जेमतेम हात-दीड हात पुढे सरकतो.

क्लबच्या दृष्टीने याचा फायदा फार मोठा. साउंडवाल्याचं टेबल मांडायचं तर चार गिऱ्हाइकांची जागा जाते. टॅबलेट हातात असला, की साउंडवाला मागच्या कोपऱ्यात उभा राहून तिथे काय ऐकू येतंय ते जागेवरच सुधारतो. माइक शिट्टी मारायला लागला तर नेमकी कुठली पट्टी शिट्टी मारतेय ते पडद्यावर दिसतं, आणि तेवढीच पट्टी त्या एका मॉनिटरमधून खाली ओढता येते. गेल्या शनिवारी जमलेली सगळी मांडणी एका टिचकीसरशी परत येते. एक पथ्य मात्र पाळा. भरलेल्या क्लबमध्ये शेकडो मोबाइल वाय-फायच्या वाटा अडवून बसतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर जवळ ठेवा, आणि जमलं तर टॅबलेटला सरळ तार लावा.

तेव्हा पाच जणांच्या क्लब बँडने, हात आखडता असला, तरी छोटा डिजिटल मिक्सरच घ्यावा. नवा झेपत नसेल तर वापरलेला घ्या. दुकानात गेलात की झगमगत्या दिव्यांकडे आणि इफेक्टच्या यादीकडे नंतर बघा. आधी ऑक्सची भोकं मोजा. स्टेजवर जितकी माणसं, तितकी ती हवीत.