मालकी जंगलाची, सही कोणाची?

या आठवड्यात ओडिशातल्या नियमगिरी डोंगराकडे जायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. कुडाळहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू नये, असं मला वाटतं. त्यांच्या बांधावर आणि वरकस जमिनीत माणगा बांबूची बेटं आहेत. दरवर्षी तोड होते, गाडी भरते, माल घाटावर जातो. ते विचारतात, ‘2017 साली केंद्राने बांबूला झाडांच्या व्याख्येतून काढलं आणि बांबू मोकळा झाला. मग गडचिरोलीच्या ग्रामसभांना अजून वाहतूक परवाना कशाला लागतो? आणि तुम्ही त्या परवान्याला एवढं महत्त्व का देता?’

प्रश्न नेमका आहे. हा गैरसमज मला अधिकाऱ्यांच्या बैठकांतही भेटलेला आहे, तेव्हा आजचा सगळा लेख त्यालाच देतो.

भारतीय वन अधिनियम 1927 चा. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘झाड’ या व्याख्येत ताड-माड, बुंधे, झुडपं, वेत यांच्याबरोबर बांबूही होता. नोव्हेंबर 2017 मध्ये अध्यादेश निघाला, पुढे संसदेने कायदा केला आणि बांबू तिथून गेला. त्याचा फायदा कोणाला झाला? ज्याचा बांबू स्वतःच्या शेतात आहे त्याला. कुडाळच्या माणग्याला झाला, आणि व्हायलाच हवा होता.

पण त्याच कलमात ‘वनउपज’ म्हणजे काय तेही सांगितलंय आणि तिथे दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तू कुठेही सापडल्या तरी वनउपजच: लाकूड, कोळसा, कात, लाख, हिरडा आणि मोहाची फुलं. म्हणजे स्वतःच्या परड्यातल्या मोहाखाली पहाटे वेचलेली फुलंसुद्धा या कायद्याच्या लेखी वनउपज आहेत. दुसऱ्या यादीतल्या वस्तू जंगलातून आणल्या तर वनउपज ठरतात. त्यात झाडं आहेत, पानं-फुलं आहेत, मध आणि मेण आहे, आणि गवतही आहे. बांबू गवत आहे की झाड, यावर 2011 च्या सुमारास वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवतच. पण जंगलातून आणलेलं गवतही वनउपज असेल, तर बांबूला गवत म्हटल्याने गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या माडिया-गोंडाला काय मिळालं? काहीच नाही. त्याचा बांबू जंगलातला आहे. तो तोडला तरी रस्त्यावर येताच त्याला कागद लागतो.

त्या कागदाचं मूळ 41 व्या कलमात आहे. जमिनीवरून असो की पाण्यातून, वनउपजाच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्याचे नियम करायचा अधिकार सरकारला त्या कलमाने दिला. 1878 च्या कायद्यातही हीच व्यवस्था होती. नदीतून सोडलेले सागाचे ओंडके मधल्यामध्ये गायब होऊ नयेत, ही त्यामागची चिंता. 52 व्या कलमाने मालासोबत हत्यारं, होड्या, गाड्या आणि बैलही जप्त करता येतात. कुऱ्हाड आणि बैलजोडी गेली की घराचं पुढचं सगळं वर्ष गेलं. दंडाच्या रकमेपेक्षा गावाला या जप्तीचीच धास्ती असे.

मात्र या कायद्यातलं सगळ्यात बोलकं कलम मी 69 वं मानतो. एखादं वनउपज सरकारचं आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच आहे असं धरून चालायचं. पुरावा द्यायचा तो ज्याच्या डोईवर मोळी आहे त्याने. चोरीच्या एरवीच्या खटल्यात वस्तू दुसऱ्याची होती हे सरकारला सिद्ध करावं लागतं. इथे नाक्यावर उभ्या असलेल्या बाईला आपली वस्तू आपली आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि तेही ज्या खात्याने तिला अडवलंय त्याच खात्याने दिलेल्या कागदाने. वाहतूक परवाना, म्हणजे सगळे ज्याला ‘टीपी’ म्हणतात तो कागद, या जागी बसतो. नियमात तो रस्त्यावरून माल नेण्याची परवानगी आहे. व्यवहारात तो मालकीचा दाखला होऊन बसला.

आता वनहक्क कायद्याकडे येऊ. 2006 च्या या कायद्याने गौण वनउपजाची व्याख्या करताना बांबूचं नाव स्पष्ट घेतलं आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क मालकीसह जंगलात राहणाऱ्यांना दिला. गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेकडे द्या, असं आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने 1996 सालीच राज्यांना सांगितलं होतं. इतर कोणत्याही कायद्यात काहीही लिहिलेलं असलं तरी हे हक्क निहित होतील, असंही वनहक्क कायद्याचं चौथं कलम म्हणतं. इतकं सरळ लिहिलेलं असताना वाद उरायला नको होता.

वाद उरला तो नियमांत. या कायद्याखाली 2008 साली नियम आले. त्यांनी वनउपजाची जंगलातली वाहतूक कशी करायची ते सांगितलं: डोक्यावरून, सायकलवरून आणि हातगाडीवरून. मोटारगाडीला जुने वाहतूक नियम लागू. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या ओळीवरून पुढे गेलो नव्हतो. गडचिरोली जिल्ह्यातला बांबू अनेक दशकं सरकारने कागद कारखान्याला पट्ट्याने दिला होता, आणि तो ट्रकांच्या रांगा लावून बल्लारपूरला जात होता. मालकी गावाकडे आली त्या दिवशी वाहन मात्र सायकलवर येऊन थांबलं. लांब बांबूचे किती नग सायकलला बांधता येतात आणि धानोऱ्याहून गडचिरोलीपर्यंत ती ढकलत न्यायला किती वेळ लागतो, हे त्या रस्त्यावरच्या कोणालाही विचारा. ट्रक नाही म्हणजे ठोक गिऱ्हाईक नाही, आणि ठोक गिऱ्हाईक नाही म्हणजे भाव नाही.

धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा मान्य होऊन सुमारे 1,800 हेक्टर जंगल मिळालं ते 2009 साली. देशातल्या अगदी पहिल्या मान्यतांपैकी ही एक. बांबू होता, तोडणारे हात होते, कायदा हातात होता. टीपी नव्हता. तो द्यायचा अधिकार आपला आहे असं वन विभाग म्हणत राहिला, आणि मालक आम्ही आहोत तर परवाना दुसऱ्याने का द्यायचा, असं ग्रामसभा विचारत राहिली. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि गावकरी यांच्या भूमिकेतली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट ही की त्यांनी मधला मार्ग घेतला नाही. वन विभागाकडून टीपी घेऊन एखादा ट्रक सोडणं सोपं होतं, हातात पैसेही आले असते. पण त्या एका सहीने मालक कोण ते ठरून गेलं असतं. मार्च 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनउपज माना असं कळवलं. 27 एप्रिल 2011 रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

हे पुस्तक असतं तरी कसं? धानोरा तालुक्यातल्याच दुसऱ्या एका ग्रामसभेत मी ते लिहिलं जाताना पाहिलंय. छापील क्रमांकाची पानं, मध्ये कार्बन. माल कोणाचा, काय, किती नग, गाडीचा नंबर, कुठून कुठे, कोणत्या रस्त्याने, मुदत कधीपर्यंत. बाहेर ट्रक उभा होता आणि दोन बायका बंडलं मोजून आकडा आत सांगत होत्या. लिहिणारा मुलगा बारावी झालेला. गाडीच्या नंबरात एक आकडा चुकला. ड्रायव्हर म्हणाला, ‘खोडून नीट कर ना.’ मुलाने नकार दिला. त्या पानाच्या सगळ्या प्रतींवर आडवं ‘रद्द’ लिहिलं, त्या पुस्तकातच ठेवल्या आणि नवं पान घेतलं. खाडाखोड केलेला कागद नाक्यावर अडतो हे एक कारण. दुसरं त्याने स्वतःहून सांगितलं: महिन्याच्या शेवटी हे पुस्तक ग्रामसभेत वाचलं जातं, आणि एकही क्रमांक गहाळ असला की लोक विचारतात. ज्यांना हिशेब ठेवता येणार नाही असं म्हटलं जात होतं, त्यांचं हे पुस्तक पाहावं.

6 सप्टेंबर 2012 ला वनहक्क कायद्याचे नियम बदलले. सायकल-हातगाडीची अट गेली आणि योग्य त्या वाहनाने जंगलात आणि जंगलाबाहेर वाहतूक करायची मोकळीक आली. टीपी ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देईल, समितीच्या अशा निर्णयांना ग्रामसभेची मान्यता लागेल, टीपीच्या नावाखाली विक्रीचा हक्क कमी करता येणार नाही आणि या उपजावर स्वामित्वशुल्क किंवा इतर कसलाही आकार घेता येणार नाही, हे सगळं नियमात आलं. माझ्या दृष्टीने या बदलाचं मोल मूळ कायद्याच्या बरोबरीचं आहे, आणि तरी त्यावर फार थोडं लिहिलं गेलं.

कुडाळच्या पत्रातला दुसरा प्रश्न होता, परवान्याला एवढं महत्त्व का? म्हणजेच, परवाना मुळातच रद्द करा असं ग्रामसभा का म्हणत नाहीत? कारण आता तो त्यांच्या उपयोगाचा झाला आहे. तेंदूचा हंगाम घ्या. उन्हाचे थोडे आठवडे, पानं तोडायची, पुडे बांधायचे, संकलनाच्या फळीवर वाळवायचे. व्यापारी बाहेरचा असतो. माल एकदा गोदामातून निघाला की पैशांसाठी त्याच्या मागे धावावं लागतं, आणि माल गेला पण पैसे अडकले हा अनुभव कितीतरी ग्रामसभांनी घेतला आहे. अशा वेळी ग्रामसभेकडे ना बँकेची हमी असते ना वकील. टीपीचं पुस्तक असतं. हप्ता जमा झाल्याशिवाय पान फाडायचं नाही, असा ठराव ज्यांनी केला आणि पाळला, त्यांचा माल पैसे येईपर्यंत गावातच राहिला.

आणि ज्याला विकता येतं त्याला नाही म्हणताही येतं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 साली सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गाव उभं राहिलं, पण तेंदू तोडायचा नाही असं त्या ग्रामसभेने ठरवलं. नवी पानं यावीत म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आगी लावतात, आणि ते नुकसान त्यांना नको होतं. तेंदूचा लिलाव वर्षानुवर्षं होत आला. हा प्रश्न गावाला त्यात कधी विचारलाच गेला नव्हता.

बुरडांबद्दल लिहायचं राहतंय. गावाच्या वापराचे हक्क नोंदवणाऱ्या निस्तार पत्रकातल्या आणि बुरड कार्डावरच्या बांबूचं ग्रामसभेची मालकी आल्यावर काय व्हावं, हा वेगळा आणि नाजूक विषय आहे. टोपल्या-सूप विणणाऱ्यांचा हक्क वनहक्काच्या चौकटीत सहज बसत नाही, आणि काही ठिकाणी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत त्यावरून कटुता आली आहे. त्याला पूर्ण लेख लागेल.

टीपीचा झगडा एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. ओडिशात कालाहांडी जिल्ह्यात जामगुडा नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी 2012 साली आपला बांबू विकला. ग्रामसभेने दिलेला परवाना वन विभागाने मानला नाही, आणि विकलेला बांबू गावातच पडून राहिला. 2013 साली केंद्रीय आदिवासी विकास मंत्री किशोरचंद्र देव स्वतः जामगुड्याला गेले तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. ज्या हक्काचा प्रत्येक ट्रक सोडायला दिल्लीहून मंत्री यावा लागतो, तो हक्क अजून कागदावरच आहे, हे मला मेंढ्याबद्दलही वाटतं आणि जामगुड्याबद्दलही. हजारो ग्रामसभांकडे मंत्री जाणार नाहीत. तिथे नाक्यावरच्या वनरक्षकाला 2012 चा नियम ठाऊक असणं आणि त्याने ग्रामसभेची सही मानणं, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून त्या नियमाची मराठी प्रत ट्रकच्या ड्रायव्हरजवळ टीपीसोबत ठेवा, असं मी जाईन तिथे सांगतो.

जामगुडा ज्या वर्षी मोकळं झालं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या खाणीचा निकाल दिला, आणि त्यानुसार जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावरच्या बारा गावांनी एकामागून एक सभा घेतल्या. त्यातल्या पाच याच कालाहांडीतल्या, सात रायगडा जिल्ह्यातल्या. पुढच्या आठवड्यात त्या बारा सभा.