सॉसेज, पास्ता आणि जाड बुडाचे पातेले

इटालियन स्वयंपाकात सुपाच्या दोन ढोबळ तऱ्हा आहेत. एक पातळ, निवळ रस्सा. दुसरी दाट, डाळी-भाज्यांनी भरलेली, चमच्याने खायची. सॉसेज आणि पास्त्याचे सूप दुसऱ्या तऱ्हेतले. कांदा, गाजर, टोमॅटो, शिजवलेला राजमा, थोडा पालेभाजीचा हिरवा भाग, मुठीभर छोटा पास्ता आणि या सगळ्याला चव देणारे डुकराच्या मांसाचे सॉसेज, एवढ्यावर चार-पाच माणसांचे जेवण होते. सोबत पाव असला की दुसरे काही रांधावे लागत नाही.

या सुपाची एकच अधिकृत कृती नाही. इटलीभर घराघरांत होणारे राजमा-पास्त्याचे ‘पास्ता ए फाजोली’ हे त्याचे मूळ म्हणता येईल. राजमा आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातले. युरोपात ते सोळाव्या शतकात पोहोचले. शेतकऱ्याच्या घरी मांस क्वचितच असे आणि सॉसेजचा तुकडा पडलाच तर तो वासापुरता. साधारण १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले, त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे आणि सिसिलीतले. तिथे मजुरीच्या पैशांत मांस परवडू लागले आणि वासापुरता असलेला तुकडा सुपाचा कणा झाला. आज या नावाने केले जाणारे लालसर, मांसल सूप प्रामुख्याने या स्थलांतरितांच्या चुलीवरचे आहे.

अशा दाट सुपाचा सर्वांत प्रसिद्ध भाऊबंद म्हणजे मिनेस्त्रोने. इटालियन गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले पाककृतींचे पुस्तक लिहिणारे पेल्लेग्रिनो आर्तुझी (पहिली आवृत्ती १८९१) यांनी त्याची एक आठवण सांगितली आहे. १८५५ साली लिव्होर्नोत त्यांनी मिनेस्त्रोने खाल्ले, रात्रभर पोटाने हाल केले आणि त्यांनी सगळा दोष सुपाला दिला. नंतर कळले की शहरात कॉलरा पसरला होता. सूप निर्दोष सुटले आणि त्याची कृतीही पुस्तकात आली.

सॉसेजचा इतिहास याहून पुष्कळ जुना. दक्षिण इटलीतील लुकानिया, म्हणजे आजचा बाझिलिकाता, या प्रांतातील लोकांकडून रोमन सैनिक एक सॉसेज शिकले, असे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील लेखक व्हारो याने नोंदवले आहे. सुपासाठी जे सॉसेज लागते ते ताजे आणि कच्चे असते. डुकराच्या खांद्याचे जाडसर दळलेले मांस, त्यात पंचवीस ते तीस टक्के चरबी, मीठ, मिरी, लसूण आणि बऱ्याच ठिकाणी बडीशेप. अमेरिकेत ‘इटालियन सॉसेज’ या नावाने जे ओळखले जाते त्याची ओळख या बडीशेपेवरूनच पटते.

भारतातल्या दुकानांत शीतपेटीत मिळणारी सॉसेज बहुधा वेगळ्या जातीची असतात. मांस अगदी गुळगुळीत वाटून, नळीत भरून ती आधीच शिजवलेली असतात. सुपात ती रबरी गोळ्यांसारखी तरंगतात आणि रश्शाला काहीही देत नाहीत. त्यापेक्षा घरी खिमा मुरवणे कितीतरी बरे, कारण सुपात सॉसेजची नळी लागतच नाही. ती सोलून आतले मांसच वापरायचे असते. अर्धा किलो जाडसर, चरबीयुक्त खिम्याला सुमारे ९ ग्रॅम मीठ, दीड चमचा किंचित भाजून भरडलेली बडीशेप, चार ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, अर्धा चमचा मिरपूड, आवडीप्रमाणे सुक्या मिरचीचा चुरा आणि एक चमचा व्हिनेगर लावून तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. डुकराचे मांस चालत नसेल तर कोंबडीच्या मांडीचा खिमा घ्यावा. छातीचा नको, तो कोरडा पडतो.

गोव्याचे चोरिस हा आणखी एक पर्याय, पण त्याचे वागणे निराळे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला आणि त्यांच्या स्वयंपाकातून आलेले सॉसेज इथे माडीपासून केलेल्या व्हिनेगरचे, लाल मिरचीचे आणि गरम मसाल्याचे झाले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या माळा लटकलेल्या दिसतात. ते खारट, आंबट आणि तिखट असते. त्यामुळे निम्मेच घ्यावे, टोमॅटो कमी करावा आणि मिठाला शेवटपर्यंत हात लावू नये. आधी थोड्या पाण्यात शिजवून, पाणी आटल्यावर सुटलेल्या लाल चरबीतच कांदा परतावा. होणारे सूप इटालियन राहत नाही, पण पोईबरोबर खाताना त्याची खंत वाटायचे कारण नाही.

सुपाची चव ठरते ती पहिल्या पंधरा मिनिटांत. जाड बुडाचे पातेले चांगले तापवून, चमचाभर तेलात खिमा पसरून घालावा आणि दोन-तीन मिनिटे त्याला अजिबात हलवू नये. मांसातील प्रथिने आणि साखर यांच्यात साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जी प्रक्रिया जोमाने होते, तिचे पहिले वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ मध्ये केले. खरपूस रंग आणि भाजल्याचा वास तिच्यामुळे येतो. पण पाणी १०० अंशांवरच उकळते. पातेल्यात एकदम सगळा खिमा कोंबला किंवा सतत ढवळत राहिले, की सुटलेल्या पाण्यात तो राखाडी होऊन शिजतो आणि हा वास कधीच येत नाही. म्हणून खिमा दोन हप्त्यांत भाजावा, खालची बाजू तांबूस झाली की कालथ्याने उलटून मोडावा आणि काढून ठेवावा. जास्तीची चरबी ओतून द्यावी, दोन चमचे ठेवावी.

बुडाशी लागलेला तपकिरी थर खरवडून फेकू नये. सगळे सार त्यातच आहे. त्याच चरबीत बारीक चिरलेला एक मोठा कांदा, एक गाजर आणि सेलरीची एक काडी मंद आचेवर दहा मिनिटे परतावी. कांद्याच्या अंगच्या पाण्याने तो थर सुटू लागतो. आपल्याकडे मिळणारी सेलरी बरेचदा बारीक देठाची आणि उग्र वासाची असते. तिचे प्रमाण निम्मे पुरते. मग लसूण आणि एक चमचा टोमॅटोची पेस्ट घालून ती गडद होईपर्यंत परतायची, त्यावर चारशे ग्रॅम चिरलेले टोमॅटो आणि सव्वा ते दीड लिटर कोंबडीच्या हाडांचा किंवा भाज्यांचा रस्सा. खिमा परत आत जातो. पार्मेझान चीजची कडक साल शिल्लक असेल तर तीही टाकावी. त्या सालीत ग्लुटामेट भरपूर असते आणि रश्शाला जो भरीवपणा येतो तो मिठाने येत नाही. वाढण्यापूर्वी साल काढून टाकतात.

राजमा मात्र वेगळा, आधी शिजवलेला हवा. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा दाणा लवकर मऊ होत नाही. शिवाय कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. ते नष्ट व्हायला दाणे भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळावे लागतात. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवून ते जात नाही. कूकरमध्ये शिजवले की ही काळजी मिटते. पांढरा राजमा सर्वांत चांगला. घाई असेल तर चवळीही चालते. शंभर ग्रॅम कोरडे दाणे पुरतात. शिजल्यावर त्यातले पळीभर दाणे ठेचून मिसळले की सूप मैदा किंवा साय न घालता दाट होते. हे सगळे मिळून झाकण अर्धवट ठेवून अर्धा तास मंद आचेवर रटरटू द्यावे. इथे काही बिघडत नाही.

बिघडते ते शेवटच्या दहा मिनिटांत, पास्त्यापाशी. आकार छोटा हवा, चमच्यात मावेल असा: डितालिनी, तुबेत्ती, छोटे शिंपले, नाहीतर साधी एल्बो मॅकरोनी. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेले पाहून घ्यावे. इटलीत १९६७च्या कायद्याने सुका पास्ता याच रव्याचा करण्याचे बंधन आहे. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहूही याच जातीतला. त्यातील प्रथिनांचे घट्ट जाळे शिजताना स्टार्च बऱ्यापैकी धरून ठेवते, म्हणून तुकडा आकार सोडत नाही. मैद्याचा पास्ता सुपात विरघळू लागतो.

शिजताना पास्ता स्वतःच्या वजनाइतके किंवा थोडे जास्त पाणी ओढून घेतो, आणि गॅस बंद केला तरी थांबत नाही. ताटात गरम असलेल्या चकोल्या तासाभराने आळून गोळा होतात, तेच इथे घडते. पाच माणसांच्या सुपाला दीडशे ग्रॅम पास्ता पुरे. दोनशे घातला की सूप उरत नाही, ओला पास्ता उरतो. सगळे लगेच खाणार असतील तर तो थेट सुपातच शिजवावा. त्यातून सुटणाऱ्या स्टार्चने रस्सा सुरेख मिळून येतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी आच बंद करावी. काही भाग उद्यासाठी ठेवायचा असेल तर पास्ता वेगळ्या खारट पाण्यात उकडून, तेलाचा थेंब लावून ठेवावा आणि वाढताना प्रत्येकाच्या वाडग्यात घालून वर सूप ओतावे. दुसरी रीत जास्त भांडी खाते, पण घरी तीच जास्त उपयोगी पडते.

पालेभाजी अगदी शेवटी. इटालियन घरांत केल किंवा एस्कारोल घालतात. पालक दोन मिनिटांत मऊ पडतो, कोबीची पाने घेतली तर ती पास्त्याच्या आधी पाच मिनिटे टाकावी लागतात. मिठाची चव आत्ताच घ्यायची, कारण सॉसेज, रस्सा आणि चीज तिन्ही खारट असतात. वर किसलेले चीज, मिरपूड आणि ऑलिव्ह तेलाची बारीक धार. सॉसेजचा एखादा मोठा तुकडा राहिला असेल तर तो मधोमध तोडून पाहावा. डुकराचा खिमा आतून ७१ अंशांपर्यंत शिजलेला असला पाहिजे. कोंबडीला आणखी थोडे, ७४ अंश.

पास्त्याविना उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले तर तीन दिवस चांगले राहते. दुसऱ्या दिवशी बडीशेप आणि लसूण मुरून ते अधिक चवदार लागते. गोठवूनही ठेवता येते. पास्ता घातलेले सूप मात्र गोठवू नये. गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून एक खळखळून उकळी आणावी आणि पास्ता त्या वेळी ताजा शिजवावा.